आल्बममधले चौघे, कोठडीतले सहा

उजनीच्या फुगवट्यावर ज्याची मोटार आहे त्याला केबलचोरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तसतशी मोटार पुढं न्यायची आणि केबल वाढवत जायचं. मग एखाद्या रात्री कुणीतरी शंभर-दीडशे फूट केबल कापून नेतो. वरचं रबर जाळून आतलं तांबं किलोवर विकायचं, एवढाच तो धंदा. आमच्या जेऊरकडची ही नेहमीची गोष्ट. आमचीही केबल एकदा गेली. सकाळी काठावर चार माणसं जमली. केबल कुठून कापली ते नीट बघायच्या आधीच एक जण बोलला, "माळावर पालं उतरल्यात की. दुसरं कोण नेतंय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दुपारी एका ठाण्याची गाडी आली. ती काठावर आलीच नाही, सरळ माळावर गेली.

पुढं आठ-दहा दिवसांनी एका बागाइतदाराच्या उसाच्या बांधाला जळक्या रबराचा काळा गोळा सापडला. अजून त्याला वास येत होता. बागाइतदाराला कुणी काही विचारलं नाही. पालं तोवर उठून गेली होती.

चुकीच्या माणसाला शिक्षा होते अशा कोर्टाच्या सिनेमात आपण वकिलाकडं बघत बसतो. तो भला असतो, हट्टी असतो, शेवटच्या अर्ध्या तासात उलटतपासणीत साक्षीदाराला फोडतो. 'जस्ट मर्सी' या २०१९च्या अमेरिकन चित्रपटातला ब्रायन स्टीव्हन्सन असाच आहे, आणि तो खरा माणूस आहे. पण अशा खटल्यांची कागदपत्रं वाचली की वकिलाचं पात्र बारीक होत जातं आणि भलतीच पात्रं मोठी होतात. पोलिसांचा फोटो आल्बम, न दाखवलेला एखादा कागद, फाइलमध्ये कधीच न आलेली माणसं. सगळ्यांत आधी लिहून तयार असतं ते आरोपीचं पात्र. ते गुन्हा घडायच्याही आधी लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं ते कायद्यानं लिहिलं होतं.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असं सरकारला वाटलं की तशी अधिसूचना काढायची. मग त्या जमातीतला प्रत्येक जण जन्मतः संशयित. नाव रजिस्टरात, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. या अधिसूचनेला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येत नव्हतं, ही त्यातली सगळ्यांत खुबीची तरतूद. म्हणजे आरोप, पुरावा आणि निकाल एकाच कागदावर, आणि अपील नाही. १९११ साली हा कायदा आपल्या मुंबई इलाख्याला लागू झाला. बोटांचे ठसे घेणं आणि मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवणं, हेही त्यात होतं.

सोलापूर शहरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही पत्त्यात लिहितात. ती याच कायद्याची खूण. तारेच्या कुंपणाआत कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटा अशा जमातींची माणसं कोंडली, आणि सोलापूरच्या कापड गिरण्यांना लागणारे हात त्या कुंपणाआडून पुरवले गेले. या सगळ्या वसाहतींचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट नावाचा सनदी अधिकारी बघायचा. माणूस दुष्ट नव्हता. कष्टाला लावून यांना सुधारता येईल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पुढं १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर जी समिती नेमली तिचा हाच अध्यक्ष, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य. सुधारक आणि जेलर एकाच अंगरख्यात असू शकतात, हे मला स्टार्टकडं बघून पटलं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. सेटलमेंटच्या तारा पंडित नेहरूंनी स्वतः तोडल्या, असं सोलापुरात जुनी माणसं सांगतात. जमाती 'गुन्हेगार'च्या 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जाती आहेत, त्यांत कैकाडी, रामोशी, बंजारा आणि वडारही आहेत. मात्र सात वर्षांतच, १९५९ साली, मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. आता जमातीचं नाव घ्यायचं नव्हतं, माणसाचं घ्यायचं होतं. पण रजिस्टरं तीच होती, आणि लिहिणारे हातही बरेचसे तेच.

आता खटला. तो नाशिक जिल्ह्यातला आहे, आणि कायद्याच्या पुस्तकांत 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं सापडतो.

५ जून २००३च्या रात्री नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. ऐवज गेला, घरातली पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. जखमी अवस्थेत दोघं वाचली, घरातली आई आणि तिचा मुलगा. असा गुन्हा झाला की सगळा जिल्हा हादरतो, वर्तमानपत्रं रोज विचारतात, पोलिसांवर वरून दाब येतो. तपास पुढं न्यायचा तर दोनच प्रत्यक्षदर्शींचा आधार होता, ती आई आणि तो मुलगा.

घटनेला दोन दिवस झाले असताना, ७ जूनला, त्या बाईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा आल्बम दाखवला. तिनं त्यातले चार चेहरे ओळखले. हेच ते, असं तिनं विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. आता कुणालाही वाटेल की तपास या चौघांकडं वळला असेल. तो वळला नाही. त्या चौघांना पकडलं गेलं नाही, त्यांच्यावर आरोपपत्र झालं नाही. पकडले गेले ते दुसरेच सहा जण. सहाही भटक्या जमातीतले, सहाही मजूर, आणि सहाही शिंदे.

आडनावाबद्दल एक गोष्ट जाता जाता. शिंदे, काळे, पवार, भोसले, चव्हाण ही आडनावं सरदारांच्या वाड्यात सापडतात तशी पालातही सापडतात. कागदावर फरक कळत नाही. पण माणूस कुठं राहतो, काय बोली बोलतो, गाठोडं कसं बांधतो, यावरून तो ठाण्यात लगेच कळतो.

मग ओळखपरेड झाली आणि दोन्ही साक्षीदारांनी या सहा जणांना ओळखलं. इथं साक्षीदाराच्या पात्राकडं थोडं थांबून बघायला हवं, कारण सिनेमात ते एक तर खोटारडं असतं नाही तर घाबरट. ओळखपरेडीत आरोपीला त्याच्याच वयाच्या, अंगकाठीच्या माणसांबरोबर उभं करतात. त्या माणसांना सगळे 'डमी' म्हणतात. साक्षीदारानं रांगेतून चालत जायचं आणि हात लावून दाखवायचं. हे सगळं एकाच अटीवर खरं, की आरोपीचा चेहरा साक्षीदारानं मधल्या काळात कुठंही पाहिलेला नसावा. ना ठाण्यात, ना पेपरात, ना कुणाच्या बोटानं दाखवलेला. एकदा पाहिला की मन त्या रात्रीच्या अंधारातला पुसट चेहरा काढून हा नवा, ठळक चेहरा तिथं बसवतं, आणि माणूस शपथेवर, अगदी मनापासून, चुकीचं सांगतो. जखमी साक्षीदाराचं वजन कायद्यात फार मोठं. जो स्वतः रक्तबंबाळ झाला तो खऱ्या गुन्हेगाराला सोडून दुसऱ्याला कशाला अडकवेल, हा त्यामागचा विचार. विचार सरळ आहे. फक्त त्यात खोटेपणाचा बंदोबस्त आहे, चुकण्याचा नाही. घरातली पाच माणसं गमावलेल्या त्या मायलेकरांना खोटं ठरवावं असं मला कुठंच वाटत नाही. ७ जूनला तिनं जे सांगितलं तेच पुढं कुणी ऐकलं नाही, एवढंच.

जून २००६मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अपील तर फेटाळलंच, शिवाय जन्मठेपेवर आलेल्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. तीन पायऱ्या चढून गेल्यावर सहाही जण पहिल्या पायरीवर होते तिथंच आले.

२००९च्या या निकालात आणखी एक पात्र दडलंय, तेही एक जुना निकालच. फाशी देताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघायचे, गुन्हेगाराची परिस्थिती, सुधारण्याची शक्यताही तोलायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९८० साली बच्चन सिंग खटल्यात ठरवून दिलं होतं. पुढं रावजी नावाच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी मात्र गुन्हाच बघायचा असं म्हटलं, आणि नंतरच्या कित्येक निकालांनी तेच पुढं ओढलं. हे चुकीचं होतं असं सर्वोच्च न्यायालयानंच मे २००९मध्ये संतोष बारियार खटल्यात मान्य केलं. शिंद्यांच्या निकालानंतर जेमतेम पंधरवड्यानं! त्यांच्या निकालात रावजीचाच आधार होता. २०१२ साली चौदा माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना विनंती केली की अशा चुकीच्या पायावर फाशी झालेल्यांची शिक्षा कमी करावी. त्या यादीत हे सहा होते. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अठराचाही नव्हता, हेही फाशी कायम झाल्यावर पुढं आलं.

त्याचा जन्मदाखला वेळेवर का निघाला नाही, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. पालात जन्मलेल्या पोराचा जन्म ग्रामपंचायतीत कोण नोंदवणार? आणि कुठल्या गावच्या? हीच गोष्ट जामिनाची. पाच खुनांच्या खटल्यात जामीन मिळत नाही हे खरं, पण साध्या चोरीच्या केसमध्येही भटक्या माणसाची गाडी जामिनावरच अडते. कोर्ट जामीन मंजूर करतं. पुढं जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा लागतो, नाही तर तहसीलचा ऐपतीचा दाखला, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे 'सॉल्व्हन्सी' म्हणतात. सातबारावाला माणूस पालावरच्या माणसासाठी सही करत नाही. मग मंजूर झालेला जामीन कागदावर राहतो आणि माणूस आत. केस लढण्याऐवजी गुन्हा कबूल करून भोगलेल्या दिवसांत शिक्षा मोजून घेतलेली परवडते. अशी एक कबुली झाली की पुढच्या वेळी तो कागदोपत्रीही सराईत. आल्बमात फोटो चढतात ते असेही.

पुनर्विचाराच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८मध्ये स्वतःचाच निकाल मागं घेऊन प्रकरण नव्यानं ऐकायला घेतलं. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. आल्बममधल्या चौघांची ओळख सरकार पक्षानं न्यायालयापुढं आणलीच नव्हती, हे निकालाच्या गाभ्याशी होतं. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले, अत्यंत गरीब मजूर आहेत, आणि त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही न्यायालयानं नोंदवलं. त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास करावा आणि चुकार पोलिस अधिकाऱ्यांकडंही बघावं, असा आदेश झाला. सोळा वर्षांनंतर कुणाला शोधायचं, हा प्रश्न वेगळा.

आता पुन्हा 'जस्ट मर्सी'. अलाबामातल्या मन्रोव्हिल गावात १९८६ साली एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन हा काळा माणूस पकडला गेला. त्या वेळी तो घरी होता, मासे तळून विकायचा कार्यक्रम चालला होता, असं कित्येकांनी सांगितलं. पण सांगणारे काळे होते. विरुद्ध बाजूला राल्फ मायर्स नावाचा एक गोरा साक्षीदार मुख्य होता. खटला दीड दिवसात उरकला. ज्यूरीनं जन्मठेप सुचवली, न्यायाधीशानं ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. हे मन्रोव्हिल म्हणजे 'टु किल अ मॉकिंगबर्ड' लिहिणाऱ्या हार्पर ली यांचं गाव. खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या माणसाची ती कादंबरी गावाची शान होती, आणि त्याच गावात हे घडत होतं. स्टीव्हन्सन यांना पुढं पोलिसांकडची एक कॅसेट मिळाली. एका बाजूला मायर्सचा जबाब. ती उलटी करून लावली तर दुसऱ्या बाजूला तोच मायर्स तक्रार करत होता, की मला एका निरपराध माणसावर ढकलायला लावताय. बचाव पक्षाला ती कधीच दिली गेली नव्हती. मार्च १९९३मध्ये मॅकमिलियन सुटला. त्याची सहा वर्षं मृत्युकोठडीत गेली, त्यातला काही काळ तर खटला सुरू व्हायच्याही आधी.

तिथं कॅसेटची दुसरी बाजू, इथं आल्बमवरचा जबाब. दोन खंडांत, दोन भाषांत, नाटकाचं सामान इतकं सारखं निघावं याचा मी बरेच दिवस विचार केला. पोलिसांनी कट केला म्हणून कागद दडवला असं मानलं की गोष्ट सोपी होते, खलनायक मिळतो. मला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या काठावर त्या सकाळी कुणाचाही कट नव्हता. चोर आधीच ठरलेला होता, त्यामुळं केबल कुठून कापली हे बघायची गरज कुणाला वाटली नाही, इतकंच. चोर ठरला की बाकीचा पुरावा अडगळ होतो, आणि अडगळ माणूस कट न करताही कोपऱ्यात सारतो.

खलनायक नसलेलं कोर्ट बघायचं असेल तर चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा. २०१४चा, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला. सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप असलेले शाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, त्यात आरोपी आहेत. पण त्यांच्यापेक्षा कॅमेरा सरकारी वकील नूतनबाईंच्या मागं जास्त फिरतो. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी उभी केली आहे की तिचा राग येत नाही, तिची ओळख पटते. कायद्याची कलमं एका सुरात वाचते, लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीत नाटक बघते. तिच्यासाठी हा आणखी एक केस नंबर. न्यायाधीश सदावर्ते तारीख देतात, आणि सुट्टी लागल्यावर सहलीला जातात. त्यात कुणी कुणावर ओरडत नाही, आणि शाहीर आतच.

जेऊरचं नाव ज्यानं देशभर नेलं तो नागराज मंजुळे वडार समाजातला, त्या चौदांमधल्या एका जातीतला. त्याच्या सिनेमात कोर्ट नाही. 'पिस्तुल्या' हा २००९चा लघुपट शाळेची ओढ लागलेल्या पोराचा आहे, 'फँड्री'तला जब्या कैकाड्याचा. 'फँड्री'त पोलिस नाहीत, वकील नाहीत, तरी पहिल्या दृश्यापासून निकाल लागलेलाच असतो. गाव तो फक्त रोज वाचून दाखवतं. कोर्टाच्या सिनेमात जे पात्र सुरू व्हायच्या आधीच लिहून तयार असतं म्हटलं, ते कसं लिहिलं जातं ते बघायला हा माणूस वर्गात, डुकरामागं, जत्रेत जातो. म्हणूनच मला त्याचे सिनेमे कोर्टाच्या सिनेमांचा पहिला भाग वाटतात.

पालावरचे लोक कोर्टाला ओळखत नाहीत असं नाही. पारध्यांशी नातं सांगणाऱ्या कर्नाटकातल्या हक्की-पिक्की जमातीत पोरांची नावं 'हायकोर्ट', 'सुप्रीम कोर्ट' अशी ठेवलेली सापडतात. लोक हसतात. पण जे रोज कानावर पडतं तेच माणूस पोराला देतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरून काम वाटून देणारी कलमं रद्द केली. काही नियमावल्यांत 'सराईत' या शब्दाच्या आड विमुक्त जमाती अजून बसलेल्या होत्या, तेही घटनाबाह्य ठरलं. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, हेही सांगितलं. १८७१पासून हे अंतर १५३ वर्षांचं.

शिंद्यांच्या निकालात नुकसानभरपाईही होती. प्रत्येकी पाच लाख रुपये, राज्य सरकारनं एका महिन्यात द्यायचे. सोळा वर्षांचे दिवस साधारण ५,८४४ होतात. भागाकार केला तर दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये पडतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्याला दिवसाला २०६ रुपये मिळत होते.